जुनी ऐसपैस सेदान की नवी छोटी गाडी? पुण्यात तुलना करायची तर अशी करा

जुनी कॉन्टेसा किंवा अॅम्बेसिडर घ्यायची की सरळ नवी स्विफ्ट नाहीतर अल्ट्रोज, हा वाद बहुतेक वेळा मायलेज आणि 'ते जुनं लोखंड' या दोन मुद्द्यांवर येऊन संपतो. दोन्ही मुद्दे अर्धवट आहेत. तीस-चाळीस वर्षांचं अंतर असलेल्या गाड्यांचे कंपनीने छापलेले आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही, कारण ते वेगवेगळ्या पद्धतीने मोजलेले असतात. दोन्ही गाड्या एकाच टेपने, एकाच रस्त्यावर, तेवढीच माणसं बसवून मोजाव्या लागतात. एक शनिवार-रविवार पुरतो. लागणारं सामान: पाच मीटरचा टेप, टायरमधली हवा मोजायचा गेज, फ्रीजवरचा एखादा लोहचुंबक, सुती फडकं, टॉर्च, मोबाइलमधलं स्टॉपवॉच आणि मदतीला एक माणूस.

आधी टेप

डोळ्यांना मोठी दिसते ती गाडी टेपलाही मोठी भरेलच असं नाही. अॅम्बेसिडरची लांबी ४३२५ मिमी, रुंदी १६६२ आणि पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, २४६४. सध्याच्या स्विफ्टची लांबी ३८६०, रुंदी १७३५, व्हीलबेस २४५०. अल्ट्रोज ३९९० लांब, १७५५ रुंद आणि व्हीलबेस २५०१. म्हणजे जिला आपण आयुष्यभर 'मोठी गाडी' म्हणत आलो ती या दोन्ही छोट्या गाड्यांपेक्षा अरुंद निघते आणि व्हीलबेसमध्ये अल्ट्रोजच्याही मागे राहते. जास्तीची लांबी जाते बोनेटच्या नाकात आणि डिकीत. कॉन्टेसाचं तसं नाही. ४५९१ मिमी लांबी आणि २६६७ चा व्हीलबेस असल्यामुळे ती खरोखर लांब गाडी आहे, रुंदीला मात्र १६९९ च. आणि १९५९ ची शेवरले इम्पाला तुलनेला घेतली, तर सुमारे ५.३६ मीटर लांब आणि दोन मीटरहून रुंद अशा त्या गाडीचं माप आपल्या सोसायट्यांत बसवायचा विचारच सोडून द्यावा.

मग अॅम्बेसिडरमध्ये इतकं ऐसपैस का वाटतं? उंची १५९३ मिमी, सीट जमिनीपासून वर, पाठ ताठ, पुढे बाकासारखी सलग सीट आणि दाराची जाडी नगण्य. नव्या गाडीच्या दारात धडक सोसणारा लोखंडी दांडा, काचेची मोटर, स्पीकर, बाटलीचा खण असं सगळं कोंबलेलं असतं. बाहेरची रुंदी वाढली ती बरीचशी तिथेच खर्ची पडली.

त्यामुळे बाहेरून एकदाच मोजा आणि आतून चार वेळा. पहिलं माप गुडघ्यांचं: ड्रायव्हरची सीट घरातल्या सर्वांत उंच चालकाच्या सोयीची लावा, मग त्याच माणसाला तिच्या मागे बसवा आणि गुडघा ते पुढच्या सीटची पाठ हे अंतर घ्या. शोरूमवाला पुढची सीट आधीच पुढे ओढून ठेवतो, म्हणून ती स्वतः लावायची. दुसरं माप मागच्या सीटवर एका दाराच्या आतल्या बाजूपासून दुसऱ्या दारापर्यंत, पण खांद्याच्या पातळीवर वेगळं आणि कमरेच्या पातळीवर वेगळं. तिसरं, मधल्या माणसाच्या पायाखालचं. जुन्या सेदानमध्ये इंजिनची ताकद मागच्या चाकांना जाते, त्यामुळे प्रॉपेलर शाफ्टचा (ती ताकद मागे नेणाऱ्या दांड्याचा) उंचवटा मधोमध येतो आणि मधला माणूस पाय फाकवून बसतो. अल्ट्रोजमध्ये मागचा फ्लोअर सपाट आहे. चौथं माप आजी-आजोबांसाठी: जमिनीपासून सीटच्या कडेपर्यंतची उंची. गुडघे दुखणाऱ्या माणसाला खाली वाकून गाडीत 'उतरावं' लागलं, तर तो पुढच्या वेळी रिक्षाच मागवणार. या एका मापात अॅम्बेसिडर अजूनही भल्याभल्यांना मागे टाकते. बुटक्या, पसरट कॉन्टेसाला मात्र हा मान नाही.

डिकी लिटरमध्ये मोजून उपयोग नाही. अल्ट्रोजची ३४५ लिटर, स्विफ्टची २६५, हे आकडे ठीक आहेत, पण घरातली मोठी बॅग आणि एक रिकामा सिलिंडर घेऊन जा आणि ठेवून बघा. डिकीच्या कडेची उंचीही बघा, कारण बॅग आत मावणं वेगळं आणि ती तिथवर उचलणं वेगळं. सीएनजीची गाडी बघत असाल तर टाकीने नेमकी किती जागा खाल्ली ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हो म्हणू नका.

शेवटी टेप घरी आणा. सोसायटीतली पार्किंगची जागा नकाशात साधारण २.५ बाय ५ मीटर असते, पण त्यातच खांब आला किंवा भिंतीवरून पाइप गेला की ती कागदावरच राहते. खांब ते खांब मोजा, त्यातून गाडीची रुंदी वजा करा आणि ड्रायव्हरचं दार उघडायला किमान ६० सेंटिमीटर उरतात का बघा. कंपनीने दिलेल्या रुंदीत बाजूचे आरसे सहसा धरलेले नसतात, ते वेगळे धरा. लोखंडी मजल्यांचं यांत्रिक पार्किंग असेल तर त्यावर लांबी, उंची आणि वजनाची मर्यादा लिहिलेली असते. कॉन्टेसासारखी लांब गाडी त्यात बसते का ते आधी बघा. पेठेतल्या वाड्यात राहत असाल तर दिंडीदरवाजाच्या उंबऱ्यापाशी रुंदी मोजा आणि बोळातून गाडी एका दमात वळते का तेही बघा. अॅम्बेसिडरला पूर्ण वळायला सुमारे १०.८ मीटर व्यासाची जागा लागते, स्विफ्टला ९.६. मीटर-सव्वा मीटरचा हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण पॉवर स्टीअरिंग नसलेल्या अॅम्बेसिडरला नारायण पेठेच्या एखाद्या बोळात मागे-पुढे करत काढताना तो थेट खांद्यांना कळतो.

ताकदीचे आकडे

जुन्या माहितीपत्रकातली अश्वशक्ती आजच्या आकड्याशेजारी ठेवू नका. अमेरिकी गाड्यांचे १९७१ पर्यंतचे आकडे फॅन, सायलेन्सर, जनरेटर वगैरे सोडवून, उघडं इंजिन टेस्ट बेंचवर चालवून घेतलेले असत. आजचा आकडा इंजिन गाडीत बसतं तसं सगळं लावून घेतलेला असतो. त्यामुळे जुन्या आकड्यातून बराच भाग वजा करूनच बोलावं.

उपयोगाचा आकडा म्हणजे ताकद भागिले वजन. स्विफ्टचं ११९७ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन सुमारे ८२ पीएस (साधारण तेवढीच अश्वशक्ती) देतं आणि गाडी भरते ९२० किलोच्या आसपास. अॅम्बेसिडरचं जुनं १४८९ सीसी बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) पेट्रोल इंजिन ५० च्या घरातलं आणि गाडी अकराशे किलोच्या वर. दर टनामागे हिशेब केला तर छोटी गाडी जवळपास दुप्पट ठरते. १४८९ चंच डिझेल असेल तर ते ३७ अश्वशक्तीचं, घाटात ट्रकच्या मागे मुकाट्याने चालणारं. १८१७ सीसीचं इसुझू पेट्रोल इंजिन आणि पाच गिअर असलेली कॉन्टेसा क्लासिक हे वेगळं प्रकरण आहे. जुन्यातली घ्यायची तर आमच्या मते हीच. तेच इंजिन पुढे अॅम्बेसिडरमध्येही आलं, त्यामुळे इंजिनचे पार्ट मिळायलाही थोडं सोपं जातं.

जुन्या इंजिनची एक बाजू मात्र कबूल करायला हवी. ते कमी फेऱ्यांवर ओढतं. टॉप गिअरमध्ये ३० च्या वेगाला गाडी कुरकुर न करता चालते. छोट्या तीन सिलिंडरच्या गाडीला त्याच वेगाला गिअर खाली टाकावा लागतो. उलट, जुन्या चार गिअरच्या पेटीत पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (दातांचा वेग जुळवून घेणारी रचना) नसतो. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकला की दात खरवडले जातात. हिंजवडीच्या संध्याकाळच्या गर्दीत सरकत सरकत जाताना हा त्रास दर दहा मीटरला होतो.

मायलेज घरच्या घरी मोजणं

पुणेकर ज्या टेकडीवर पहाटे फिरायला जातात तिच्या कुशीतल्या एआरएआय या वाहनं तपासणाऱ्या संस्थेचं नाव मायलेजच्या आकड्याला चिकटलं आहे. तो आकडा रोलरवर, ठरवून दिलेल्या वेग-थांब्यांच्या क्रमाने घेतलेला असतो. स्विफ्टच्या मॅन्युअल पेट्रोलचा २४.८ हा आकडा तसाच आला आहे. एका नव्या गाडीची दुसऱ्या नव्या गाडीशी तुलना करायला तो चांगला आहे. जुन्या गाडीला असा आकडाच नाही, म्हणून दोन्ही रस्त्यावर मोजाव्या लागतात.

आधी किलोमीटर खरे आहेत का बघा. महामार्गावरचे किलोमीटरचे दगड धरून दहा किलोमीटर चाला आणि मीटरवर किती पडले ते लिहा. जुन्या गाडीवर मूळ मापाचे टायर जाऊन वेगळ्या घेराचे रेडियल बसलेले असतात. घेर कमी असला की मीटर जास्त पळतो आणि फुकटचं मायलेज दाखवतो. दहाऐवजी १०.६ पडले तर पुढचा प्रत्येक आकडा १.०६ ने भागायचा. वेगाचा काटाही तपासून घ्या: काटा ६० वर स्थिर ठेवला तर एक किलोमीटरला बरोबर ६० सेकंद लागायला हवेत.

मग टाकी फुल करा. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबायचं. पंपवाला 'राउंड फिगर करू का' म्हणेल, त्याला नको म्हणायचं. टायरमध्ये हवा थंड असताना, कंपनीने सांगितलेली. किमान २०० किलोमीटर चालवा, पन्नास-साठ किलोमीटरवर थांबलात तर अर्ध्या-एक लिटरची चूकही निकाल फिरवते. पुन्हा त्याच पंपावर, त्याच मशीनवर, गाडी तशीच उभी करून पहिल्या कटपर्यंत भरा. किलोमीटर भागिले लिटर. शहर आणि हायवे वेगळे मोजा, एकत्र केलं की दोन्हींची माहिती हातची जाते.

गॅरेजमध्ये बाटली लावून मायलेज काढायची जुनी पद्धत कार्बोरेटरच्या गाडीपुरतीच. इंजेक्शनच्या गाडीत टाकीतला पंप काही बार दाबाने पेट्रोल ढकलतो आणि पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो. त्याला कोरडा चालवला की तो जळतो.

पैशांचा हिशेब उदाहरणाने सांगतो, आकडे तुमचे टाका. पेट्रोल १०५ रुपये, छोटी गाडी शहरात १६ ची, जुनी ९ ची. दर किलोमीटरला फरक पडला सुमारे ५ रुपये १० पैसे. आता नवी गाडी आठ लाखांना घेऊन पाच वर्षांनी साडेचारला विकली, तर वर्षाला ७० हजारांची घट. जुनी अडीच लाखांची, तिच्यावर पत्र्याचं काम आणि रंगाला दीड लाख घातले आणि पुन्हा अडीचलाच गेली, तर वर्षाला ३० हजार. वाचलेले ४० हजार पेट्रोलमध्ये जिरवायला महिन्याला साधारण ६५० किलोमीटर पुरतात. त्याहून कमी फिरणाऱ्याला जुनी गाडी पैशात महाग पडत नाही, हे अनेकांना पटत नाही. महिन्याला दीड हजार किलोमीटर चालवणाऱ्याला मात्र फक्त पेट्रोलचाच फरक वर्षाला ९० हजारांच्या वर जातो. या हिशेबात गाडी गॅरेजमध्ये पडून असतानाचं रिक्षा-कॅबचं भाडं धरलेलं नाही, आणि जुन्या गाडीत तो खर्च असतोच.

ब्रेक, आणि इथे तडजोड नको

ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. ब्रेकवर पाय जायला एक सेकंद गेला की १६.७ मीटर तिथेच संपले. पुढे चांगले टायर, डिस्क आणि एबीएसची गाडी कोरड्या डांबरावर गुरुत्वाच्या ०.८ पट वेगमंदन देते असं धरा: थांबायला १८ मीटर. चारही चाकांना ड्रम असलेली, टायर जुने झालेली गाडी ०.५ पटच देत असेल तर २८ मीटर. दहा मीटरचा फरक, म्हणजे दोन गाड्या आणि एक स्कूटर.

दुसरा धोका रचनेतला आहे. जुन्या अॅम्बेसिडरमध्ये चारही चाकांचे ब्रेक एकाच मास्टर सिलिंडरवर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणारा मुख्य सिलिंडर), एकाच सर्किटवर असतात. एका चाकाचा सिलिंडर गळला की पेडल फ्लोअरपर्यंत जातं आणि हातात उरतो हँडब्रेक. आजच्या गाडीत दोन स्वतंत्र सर्किट असतात, एक गेलं तरी दुसरं गाडी थांबवतं.

तपासणी अशी. गाडी उभी असताना पेडल घट्ट दाबून तीस सेकंद धरा. पेडल हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठेही गळती दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरची आतली रबरं गेली आहेत. पेडल स्पंजसारखं लागलं आणि दोन-तीनदा मारल्यावर वर आलं, तर लाइनमध्ये हवा आहे किंवा ड्रमचे ब्रेक जुळवायचे राहिले आहेत. कॉन्टेसाला सर्व्हो, म्हणजे इंजिनच्या व्हॅक्यूमवर पायाचा जोर वाढवणारी यंत्रणा, आहे: इंजिन बंद ठेवून चार-पाचदा पेडल मारा, दाबून धरा आणि सेल्फ मारा. पेडल किंचित खाली गेलं तर सर्व्हो चालू आहे, जागचं हललं नाही तर मेलेला. मग मोकळ्या मैदानात ३० च्या वेगाला, स्टीअरिंग हलकं धरून ब्रेक मारा. गाडी एका बाजूला ओढली तर दुसऱ्या बाजूचा सिलिंडर जाम असेल किंवा लायनरवर ऑइल आलं असेल.

घाटाची चाचणी घ्यायचीच असेल तर स्वारगेटवरून कात्रजच्या जुन्या घाटाने वर जा, पलीकडे शिंदेवाडीला उतरा आणि नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे परत या. चढ, वळणं, गर्दी आणि लांब उतार, सगळं एका फेरीत होतं. फेरी दिवसाउजेडी आणि गर्दी कमी असताना करा. नवले पुलाकडचा तो उतार अवजड गाड्यांचे ब्रेक निकामी होऊन झालेल्या अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. जुन्या गाडीत तिथे ज्या गिअरमध्ये चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं. न्यूट्रल करून पेट्रोल वाचवण्याचा मोह झाला तर आवरा. सतत दाबून ठेवलेला ड्रम तापून फुगतो, लायनर त्याच्यापासून लांब जातं आणि पेडल हाताशी असूनही गाडी थांबत नाही. इंजिन बंद करून उतरलात तर सर्व्होचा व्हॅक्यूमही दोन-तीन दाबांत संपतो. खाली आल्यावर थांबून चारही चाकांजवळ हात न्या (ड्रमला लावू नका). एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त धगधगत असेल तर तो ब्रेक चिकटतो आहे.

'जुनं लोखंड जाड, धडक सोसतं' ही समजूत इथेच निकालात काढू. अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेने २००९ मध्ये १९५९ ची शेवरले बेल एअर आणि २००९ ची शेवरले मालिबू ताशी ६४ किलोमीटरच्या वेगाने समोरासमोर, अर्ध्या बाजूने धडकवल्या. बेल एअरचं केबिन कोसळलं, तिच्यातल्या पुतळ्याच्या जागी माणूस असता तर वाचला नसता. मालिबूच्या चालकाला फार तर पायाला इजा झाली असती. जाड पत्रा धडकेचा जोर नीट जिरवत नाही, तो बसलेल्या माणसाकडे पोहोचवतो. नव्या गाडीचं नाक चुरगळण्यासाठीच बनवलेलं असतं आणि स्टीअरिंगचा दांडा दुमडतो. जुन्या गाड्यांतला सरळ छातीकडे येतो. अल्ट्रोजला २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत पाच तारे मिळाले, सध्याच्या स्विफ्टमध्ये सहा एअरबॅग येतात. लहान मूल रोज गाडीत बसणार असेल तर जुनीत त्याची सीट अडकवायला आयसोफिक्सच नाही, आणि मागे पट्टेही नसण्याची शक्यता मोठी. अशा घराने रोजच्या वापरासाठी जुनी गाडी घेऊ नये. यात दुसरी बाजू नाही.

गर्दीतली उष्णता आणि पंपावरचं ई-२०

एप्रिल-मेमध्ये, दुपारी, वीस मिनिटं सरकत्या गर्दीत गाडी चालवून तापमानाचा काटा बघा. अॅम्बेसिडरचा फॅन इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो, म्हणजे इंजिन मंद तर फॅनही मंद, नेमकी हवेची गरज असते तेव्हाच. नव्या गाडीत इलेक्ट्रिक फॅन तापमान बघून सुरू होतो. गर्दीत काटा चढतो आणि मोकळ्यावर उतरतो असं झालं तर फॅनचा पट्टा, त्याभोवतीचं आवरण आणि रेडिएटरच्या जाळीतली माती बघा. मोकळ्या रस्त्यावर जास्त वेगालाही चढत असेल तर रेडिएटर आतून चोंदला आहे किंवा हेड गॅसकेटचं काम निघणार.

दुसरा उन्हाळी आजार म्हणजे पेट्रोलच्या लाइनमध्ये वाफ धरणं. गाडी चढावर धापा टाकून बंद पडते आणि अर्ध्या तासाने काही न झाल्यासारखी सुरू होते. यांत्रिक पंपावर ओलं फडकं टाकलं की तात्पुरतं भागतं. कायमचा इलाज म्हणजे पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून लांब वळवणं आणि मध्ये पत्र्याचा आडोसा देणं.

पंपावर आता मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि कार्बोरेटरच्या गाडीचा हा सध्याचा सगळ्यात मोठा प्रश्न आहे. जुनी रबरी नळी आणि पंपाचा डायफ्रॅम फुगतो किंवा तडकतो, आणि ते पेट्रोल ठिबकतं गरम इंजिनवर. इथेनॉल पाणी धरतं, त्यामुळे महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची लोखंडी टाकी आतून गंजते आणि तो गंज जेटमध्ये (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकात) येऊन बसतो. शिवाय इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. जेट जुनाच ठेवला तर मिश्रण पातळ होतं, पिकअप जातो आणि इंजिन तापतं. तेव्हा पहिलं काम: टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची सगळी रबरं इथेनॉल सोसणारी टाकून घ्या, फिल्टर नवा लावा, आणि गाडी उभीच राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, म्हणजे ओलसर हवेला आत जागा राहत नाही.

एसयू कार्बोरेटर असेल तर मिश्रण घरीही बघता येतं. इंजिन गरम करा, आयडलवर ठेवा आणि कार्बोरेटरच्या बाजूची छोटी पिन दाबून आतला पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर उचला. इंजिन क्षणभर वाढून पूर्ववत झालं तर मिश्रण ठीक. वाढून वाढलेलंच राहिलं तर जाड. मंदावलं किंवा बंद पडू लागलं तर पातळ. मग खालचा षटकोनी नट एका वेळी एकच पैलू खाली फिरवायचा आणि पुन्हा बघायचं. १४८९ च्या इंजिनला पॉइंटचा गॅप ०.३८ मिमी, प्लगचा ०.६४ आणि टॅपेटचा ०.३८. फीलर गेजवर थाऊमध्ये (इंचाच्या हजाराव्या भागात) वाचत असाल तर १५, २५, १५. एवढं जमलं तर रस्त्यात अडकण्याच्या निम्म्या भानगडी मिटतात. नव्या गाडीत यातलं काहीच करायचं नसतं, आणि काही बिघडलं तर रस्त्यात फारसं काही करताही येत नाही.

घेण्याआधी हात घाणेरडे करा

नव्या छोट्या गाडीचं काम सोपं: डिलिव्हरीआधी टायरच्या बाजूवरचा चार आकडी कोड बघून बनल्याचा आठवडा-वर्ष जुळवा, दाराच्या फटी सारख्या आहेत का बघा. सेकंडहँड छोटी घेत असाल तर ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणारं यंत्र) लावा. एकही फॉल्ट नाही पण स्कॅनर 'तपासण्या अपूर्ण' दाखवतोय, याचा अर्थ कोणीतरी नुकतेच कोड पुसले आहेत किंवा बॅटरी काढली आहे. पन्नास-शंभर किलोमीटर चालवून पुन्हा लावा.

जुन्या सेदानमध्ये मात्र आधी पत्रा, मग इंजिन. इंजिन पुन्हा बांधता येतं, कुजलेला सांगाडा बांधणं परवडत नाही. या गाड्यांना वेगळी चासी नसते, बॉडीच सगळं वजन पेलते. चुंबक फडक्यात गुंडाळून दारांच्या खालच्या पट्टीवर, चाकांच्या कमानींवर आणि डिकीच्या कडांवर फिरवा. जिथे धरत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. डिकीतला गालिचा उचला. जॅक लावायच्या जागा, आणि अॅम्बेसिडरमध्ये पुढच्या टॉर्शन बारचं मागचं टोक जिथे बॉडीत अडकतं ती जागा, गाडी वर घेऊन स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. तिथे टोक आत गेलं तर व्यवहार तिथेच सोडा. पुण्यात वाढलेली गाडी मुंबई-कोकणातल्या गाडीपेक्षा सहसा कमी गंजलेली असते, पण आरसीवरचा आजचा पत्ता पुरेसा नाही, आधीचे मालक कुठले होते ते विचारा.

पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर मदतनिसाला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिन (चाक ज्यावर डावी-उजवीकडे वळतं तो खिळा). डावी-उजवीकडून हलवल्यावर खेळ असेल तर टाय रॉड एंड किंवा रॅक. सपाट जमिनीवर चारही कमानींची उंची मोजा. मागच्या दोन बाजूंत दीड सेंटिमीटरहून जास्त फरक म्हणजे पाटे बसले आहेत.

इंजिनला कॉम्प्रेशन गेज लावा. सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून, प्रत्येक सिलिंडरचा आकडा घ्या. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांत दहा टक्क्यांहून जास्त तफावत नको. कमी असलेल्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा घ्या. आकडा चढला तर रिंगा गेल्या, नाही चढला तर व्हॉल्व्ह. फार जुन्या गाडीत बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला जोडलं आहे तेही बघून ठेवा. काहींत पॉझिटिव्ह असतं, आणि नेहमीच्या सवयीने जंपर लावला तर काहीतरी जळणार.

पार्टचं गणित सौदा करण्याआधी सोडवा. घासणारे पार्ट, म्हणजे लायनर, बेअरिंग, गॅसकेट, नाना पेठेत विचारून किंवा मागवून मिळतात. अॅम्बेसिडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं तरी कोलकात्याच्या मलिक बाजारात अजून बरंच सापडतं. कॉन्टेसा २००२ मध्येच बंद झाली. तिची पुढची काच, टेल लॅम्प, दारांचं बीडिंग आणि क्रोमच्या पट्ट्या गाडीवर शाबूत नसतील, तर त्या 'नंतर बघू' असं म्हणू नका; तेवढ्याच गोष्टींपायी गाड्या वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली पडून राहतात.

कागद

१५ वर्षं झालेल्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी, फिटनेस तपासून, नव्याने करावी लागते. २० वर्षांवरच्या कारसाठी केंद्राने २०२५ मध्ये नूतनीकरणाचं शुल्क १०,००० रुपये केलं आहे. पर्यावरण कर, पीयूसी, विमा आणि उच्च सुरक्षा नंबर प्लेट वेगळी. 'व्हिंटेज' म्हणून विकणाऱ्याला गाडीची पहिली नोंदणी विचारा. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपातलीच गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये पडतात, नंबरात 'व्हीए' येतं आणि मग ती रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच रस्त्यावर येते. कॉन्टेसाचं उत्पादनच १९८४ चं, म्हणजे एकही कॉन्टेसा अजून कायद्याने व्हिंटेज नाही.

दिल्लीकडून आलेली गाडी स्वस्त दिसते, कारण तिथे १० वर्षांवरचं डिझेल आणि १५ वर्षांवरचं पेट्रोल यांच्यावर निर्बंध आले. तिला एमएच-१२ किंवा एमएच-१४ करायला एनओसी, इथला कर आणि फिटनेस हे सगळं किमतीत मिळवून मगच स्वस्त म्हणा. बयाणा देण्याआधी चासी नंबर आणि इंजिन नंबर स्वतः, टॉर्चच्या उजेडात, ठोकलेल्या अक्षरांवरून वाचा आणि आरसीशी एकेक अक्षर जुळवा. जुन्या गाड्यांत इंजिन बदललेलं असणं सर्रास आहे. पेट्रोलच्या आरसीवर डिझेल इंजिन धावत असेल आणि तशी नोंद नसेल, तर ती नोंद मालकाने आपल्या खर्चाने करून दिल्यावरच पैसे द्या.